तांदळाच्या दाण्याएवढी

धर्माजी घरत दुकानात आले तेव्हा
लॅपटॉप टॉवेलात गुंडाळलेला होता,
नुकत्याच न्हालेल्या पोरासारखा.
"बघ गो, काय झायलंय याला. ताप हाय."

चालू केला. चहा मागवला,
चहा आला, पिऊन झाला,
पडद्यावरचं चक्र अजून फिरतच होतं.
मग पंखा असा सुटला
की शेजारच्या रसवाल्यानं दचकून
स्वतःचं मशीन बंद केलं.
सत्त्याण्णव डिग्री.
खालून हात लावला, तर भाकरीचा तवा.

"वापरताना कुठे ठेवता?"
"पलंगाव. नि वर ह्यो टॉवेल."
"चालू असताना?"
"चालू असतानाच त. धूल बसंल ना."

उलव्यात धूळ बसते हे खोटं नाही.
सकाळी पुसलेल्या काउंटरवर
दुपारी बोटानं हिशेब मांडता येतो.
पण धुळीपासून जपता जपता
तुम्ही त्याचा श्वासच कोंडलात, काका –
हे मी सांगितलं, जरा रागावूनच.
ते टॉवेलाची घडी घालत राहिले.

आत जागा म्हणून नव्हती.
फायलींच्या गर्दीत मागचं चित्र दिसेना:
सातबारा, सातबारा नवीन, सातबारा नवीन खरा,
साडेबारा टक्के अर्ज, अर्ज दोन, अर्ज शेवटचा,
आणि शेवटच्यानंतर आणखी अकरा.

"यातलं काही काढून टाकू?"
"कंचा?"
"जे नको असेल ते."
ते बराच वेळ पडद्याकडे बघत होते.
"कंचा नको, ते अजून कुनी सांगितला नाय."

मी काहीच पुसलं नाही.
नवी डिस्क बसवली,
होतं तसं सगळं तिच्यात ओतलं,
चुकलेली स्पेलिंगं, तिरके स्कॅन, अंगठ्यांसकट.
सुरू होतानाच उगाच उठून बसणारे चौदा प्रोग्राम
झोपवून टाकले.
त्यात एक कुंडली काढणारा होता, भाच्यानं भरलेला.

मग स्क्रू. अकरापैकी नऊच निघाले,
दोन आधीच्या कुणीतरी खाल्ले होते.
पंख्यामागच्या जाळीवर
राखाडी धुळीची आख्खी वाकळ.
दारात नेऊन ब्लोअर मारला.
ढग उठला, रस्त्यावर गेला, एका रिक्षावर बसला.

जुनी पेस्ट वाळून खपली झालेली. ती खरवडली.
"आता नवी लावायची, तांदळाच्या दाण्याएवढी,"
मला शिकवलं होतं तसंच मी म्हटलं.

"कंच्या तांदलाच्या?"

मी हसले. ते हसले नाहीत.
"कोलम बारीक. आमचा राता जारा,
खारातला, लाल.
माप सांगताना नाव सांगावा."
मी राता पाहिलेला नव्हता.
त्यांनी अंगठ्याच्या नखावर
दुसऱ्या नखानं रेघ ओढून दाखवली.
तेवढीच लावली.

एकसष्ट.
"उतरला," ते म्हणाले,
पाठीवर हात ठेवून, लॅपटॉपच्या.

निघताना दारात थांबले.
"ती धूल कुठं टाकलीस?"
"उडवली बाहेर."
त्यांनी रस्त्याकडे पाहिलं, मग रस्त्यापलीकडे,
जिथे आता सपाट आहे आणि लांबवर क्रेन.
"तकडं आमचा डोंगुर व्हता."
मी गप्प.
"कवरा झाला?"

डोंगराचं विचारताहेत असं वाटून
मी उत्तर शोधत राहिले,
तोवर त्यांनी पाकीट काढलं होतं.

लॅपटॉप उघडाच काखेत मारून गेले.
टॉवेल काउंटरवर राहिला, चौघडी घातलेला.
संध्याकाळी पुसायला हाताशी तोच होता.
मी दुसरं फडकं शोधलं.