पिंडरची पाठ

इस्लामोराडाच्या धक्क्यावर गिऱ्हाईक विचारतं,
दोन्हींत चांगली कोणती?
लायल पिंडर लगेच उत्तर देत नाही.
आधी खुर्चीवर टेकतो, टप्प्याटप्प्यानं.
मणक्यात चार स्क्रू आहेत.

ही व्ही-तळाची, म्हणतो. लाट चिरते,
पण एकेका लाटेचा हिशेब गुडघ्यांकडून वसूल करते.
वळताना आत कलते, सायकलवरच्या पोरासारखी.
बिनसणार असेल तर आधी सुकाणूत कुरकुरते.

ती कॅटामरान, दोन पायांची.
पोटाखाली वारा धरून धावते,
शंभरावर गेली तरी कॉफी सांडत नाही.
वळणातही सपाट, पत्र्यासारखी.
काही म्हणजे काही बोलत नाही.

मग हीच आरामाची?

पिंडर गल्फ स्ट्रीमकडे बघतो.
उत्तरेचा वारा प्रवाहाच्या अंगावर चालून आलाय,
लाटा उभ्या, एकमेकींना खेटून.
थ्रॉटलवर मी होतो, सुकाणूवर डेस्मंड.
त्यानं विचारलं, ठीक आहे ना?
मी म्हटलं, मस्त चाललीय.

गिऱ्हाईक दोन्ही चाव्या तळहातावर तोलतं.
पिंडर उठतो, एक हात टेबलावर दाबून.
दुसऱ्याची मूठ वळलेली,
अजून काहीतरी मागे ओढत.