फिटर

शाळेच्या फॉर्मवर रकाना होता, वडिलांचा व्यवसाय.
मी लिहिलं, फिटर.
खरेबाईंनी चष्म्यावरून विचारलं,
म्हणजे नेमकं काय करतात गं?
मला सांगता आलं नाही.
अजनीच्या शेडमधून बाबा यायचे तेव्हा
नखांत काळं असायचं,
आणि कॅरिअरला सुतळीनं बांधलेला चोवीसचा पाना.
एवढंच ठाऊक होतं.

त्यांच्या आयटीआयच्या कागदावर मराठीत छापलंय: जोडारी.
बाबा तो शब्द बोटानं वाचायचे
आणि विचारायचे, हा कोण आणखी?

आजोबांना मात्र फिटरच पटला नाही.
गोळीबार चौकातल्या बोळात मागावर बसून
तुटलेला धागा थुंकी लावून वळायचे, म्हणायचे,
"नोकरी चांगली लागली, पण नाव कायचं रे हे?
आपल्यात गाठ फिटली म्हंजे सुटली.
गाठ फिटली का पातळ वाया."
"इंग्रजीत उलटं असते," बाबा म्हणायचे,
"तिथं फिट म्हंजे घट्ट."
आजोबा धोटा फेकायचे.
"मंग तुहं इंजन कोणत्या भाषेत चालते?"

मार्च सरला की अख्ख्या मोहल्ल्याचे फिटर तेच.
कूलरच्या ताट्या, पंप, खिडकीबाहेरचं लोखंडी स्टॅंड.
पैसे घेत नसत. एखादा खर्रा घेत, आईपासून लपवून.

हेमराजला पहिल्यांदा आली ती अशाच एका दुपारी,
कूलरचा पत्रा धरून उभा होता, आणि पत्रा आधी पडला.
वच्छलाबाई कांदा फोडून धावल्या,
कुणी चप्पल हुंगवली.
बाबांनी त्याच्या दातांत आपलं बोट दिलं.
तो वळ अजून आहे,
शेडमधल्या सगळ्या वळांत तो मला वेगळा ओळखू येतो.

नळावर बाया बोलल्या, फिटरच्या पोराले फिट.
एक हसलीसुद्धा.
तिचा कूलर त्या वर्षीही बाबांनीच लावला.

आणि सहा वर्षांच्या हेमराजनं आपला हिशोब मांडला:
ज्याले फिट येते तो फिटर.
जेवताना विचारलं, "बाबा, तुमाले शेडमंधी येते का?"
मग स्वतःशीच खूश होऊन,
"म्या बी फिटर झालो."
आईचा हात परातीत थांबला.
बाबा उठले, अंगणात गेले,
सायकलची चेन उतरवली, चढवली,
उतरवली, चढवली.

मग मेडिकलची बुधवारची ओपीडी,
पांढऱ्या गोळ्या, अर्ध्या करून, चिमटीत.
रेल्वेच्या सोसायटीतून काढलेलं कर्ज,
त्यावर दुसरं.
एकोणीस वर्षांनी शेवटचा हप्ता कापला गेला,
त्या संध्याकाळी पगाराची चिठ्ठी आईपुढे ठेवून
बाबा म्हणाले, "फिटलं."
आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी तो शब्द
आजोबांच्या भाषेतला वापरला असावा.
गळ्याचं बटण काढलं,
आणि बराच वेळ काहीच दुरुस्त केलं नाही.

परवा एप्रिलचा पहिला रविवार.
बाबा स्टुलावर, पाना तोच, सुतळी नवी.
हात थरथरतात. नट बोल्टाला लागतो, घसरतो,
आटे धरत नाही.
खाली हेमराज, एका हातानं स्टूल, एका हातानं टॉर्च.
चार वर्षं झाली, त्याला आली नाही.
आम्ही हे मोठ्यानं बोलत नाही.

"फिटलं का रे?" बाबांनी वरून विचारलं.

मी दारात पाण्याची बादली घेऊन उभी,
आणि मला कळेना
प्रश्न कोणत्या भाषेतला आहे.

हेमराजनं टॉर्च जरा वर केला,
वाकून पाहिलं.
"थांबा," म्हणाला,
"अर्धा आटा राह्यला."