चिरेखाणीत, अवसेच्या रात्री

जामसंड्याच्या मागे चिरे काढून रिकामी झालेली खाण,
तिथे आमचा एअर पिस्तूल क्लब.
तीन बाजूंना तासलेला जांभा, चौथीकडून खाडीचा वारा.
रात्रीच्या नेमबाजीला अवस ठरली,
बक्षीस एक मिक्सर.

आधी मी लाल ठिपक्याची साइट घेतली.
दुकानात, ट्यूबलाइटखाली, पांढऱ्या भिंतीवर
ठिपका पूर्णविरामासारखा नेटका.
खाणीत टॉर्च मारला तर भिंत लाल, माती लाल,
लोखंडी पट्ट्यांवर बसलेली धूळही लाल.
ठिपका कुठे गेला, मलाच कळेना.

कणकवलीचे चष्मेवाले नाटेकर म्हणाले,
ठिपका गोलच आहे, बाई, तुमचं बुबुळ लांबट आहे.
तेव्हापासून तो मला कुर्लीसारखा दिसतो,
पाय फुटलेला, तिरका चालणारा.

मग हिरवी साइट.
जांभ्यावर शेवाळ उठून दिसतं तशी दिसली.
किंमत ऐकून आमचे हे दोन दिवस
फक्त पंख्याशी बोलले.

टॉर्चचं निराळंच.
बाराशे लुमेनचा, भाच्याकरवी मागवलेला.
नऊनंतर खाडीवरून खारी ओल चढते;
उजेड पुढे जाईचना,
माझ्यासमोरच भिंत होऊन उभा राहिला.
बांधावर भिवा जोईल, बिडी विझलेली.
डुकरांसाठी बापाची ठासणीची बंदूक राखलेला माणूस,
परवाना अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत.
म्हणाले, "इतको उजेड कित्याक गो?
लगीन लावूचा आसा, काय पट्टी पाडूची आसा?"
ते नळीला दोन सेलांची बॅटरी बांधायचे
सायकलच्या ट्यूबच्या रबराने,
काचेवर बिस्किटाच्या पुड्याचा पिवळा कागद.
मी हसले.
घरी जाऊन तसा कागद शोधला.

लेझर मात्र मनात भरला होता.
दमट हवेत त्याची रेघ दिसायची,
नळीपासून पट्टीपर्यंत, मासा लागलेल्या गरीच्या दोरीसारखी.
पण रेघेच्या टोकाला माझी नाडी,
वर-खाली, वर-खाली,
एक्केचाळीस वर्षांची, दोन बाळंतपणांची,
पतपेढीत नोटा मोजणारी.
माझा हात इतका हलतो
हे तोवर कुणी सांगितलं नव्हतं.
एकदा पाहिल्यावर नेम धरवेना.

माझ्या आधी रेहाना मुजावर, विजयदुर्गची.
साधी लोखंडी साइट, पुढच्या खुंटीवर
घड्याळाच्या काट्यांना लावतात तो चमकता रंग.
टॉर्च डाव्या हातात, कानाशी धरलेला.
टण, टण, टण. सहाच्या सहा.
तिने खांदासुद्धा खाजवला मध्ये.

मी टॉर्च सगळ्यात खालच्या पायरीवर ठेवला, काचेवर कागद.
कुर्ली तिरकी चालत पट्टीवर आली.
चार पडल्या.
पाचवीला साइटची काच धुरकटली,
पुसायला पदर नाही, अंगात ट्रॅकसूट.
तेवढ्यात दीपगृहाचा झोत खाणीच्या काठाला शिवून गेला.
क्षणभर सगळं उघडं:
चिऱ्यांवरचे करवतीचे दात, भिवांचं टक्कल,
कुणाचा तरी उघडा डबा, पट्टी.
झोत गेला. पट्टी डोळ्यात राहिली.
मी साइटवरून मान उचलली
आणि डोळ्यातल्या पट्टीवर मारलं.

टण.

सहावी चुकली. तीही तशीच मारायला गेले म्हणून.

मिक्सर रेहानाने नेला,
एस.टी.त मांडीवर घेऊन.
लेझर मी इनास फर्नांडिसला दिला;
धक्क्यावरच्या मांजरांना नाचवतो म्हणे.
मी रात्री जेवणं झाल्यावर
स्वयंपाकघरातला दिवा घालवते,
रिकामं पिस्तूल मिठाच्या बरणीवर धरते.
खिडकीतून झोत येत नाही, आडवा फणस आहे.
तरी थांबते.