सात की नऊ

इथे शाईला बंदी आहे. फक्त शिसपेन्सिल.
पानं मिटू नयेत म्हणून आमच्याकडे साप असतात,
कापडाच्या लांब नळीत शिवलेलं शिसं.
गरीब साप. कुणाच्या आयत्या बिळात शिरत नाहीत.

एकोणीस वर्षं, दर गुरुवारी
मिस इझ्मे गिटन्स बसने यायच्या,
आधी रात्रपाळी संपवून, नर्सचे बूट तसेच पायात,
पुढे पेन्शनवर, काठी घेऊन.
खिडकीपाशी बसायच्या. तिथून व्हाइटहेवनचा धक्का दिसतो,
एके काळी साखर आणि रम उतरायची तो.
मी चिठ्ठी घ्यायची, रजिस्टर आणून ठेवायची.
बाप्तिस्मे, दफनं. बाप्तिस्मे, दफनं.
"आज कुणी भेटलं?"
"आज नाही. पण वाट बघतायत,"
म्हणायच्या, आणि कोट चढवायच्या.

असे त्रेचाळीस जण त्यांनी शोधले.
कुणाला आडनाव नाही. कुणाला नावही नाही,
नुसतं 'कॅप्टन अमक्याचा काळा पोर'.
एकाचं नाव डब्लिन.
पेटीवर पत्ता टाकावा तसं शहराचं नाव.
पुरला जानेवारीत. वय नऊ.

तसं त्यांनी वहीत उतरवलं, वहीची झेरॉक्स
चर्चच्या फळीवर ठेवली, ज्याला हवी त्याने न्यावी.
पुढच्या हिवाळ्यात ऊन तिरपं आलं तेव्हा दिसलं,
नऊचं पोट वाटत होतं ते शाईचं नव्हतंच,
ओलीचा डाग होता.
सात.
त्यांनी खोडलं, शेजारी लिहिलं, तारीख घातली,
आणि त्या दिवशी लवकर घरी गेल्या.

मग डॉक्टर हॅस्लम यांचं पुस्तक आलं.
जाड, देखणं. दोन बक्षिसं.
त्रेचाळीसच्या त्रेचाळीस त्यात, त्याच क्रमाने.
ऋणनिर्देशात पत्नी, संपादक, मांजर,
आणि सगळ्यात शेवटी 'काही स्थानिक सूत्रे'.
पान दोनशे बारा: डब्लिन, वय नऊ.

माझे वडील मिरजेला गणिताचे मास्तर.
कॉपी ते बरोबर उत्तरावरून कधी पकडत नसत.
"बरोबर उत्तर सगळ्यांचं सारखंच," म्हणायचे.
"चूक मात्र ज्याची त्याची."

मी चिठ्ठ्यांचे गठ्ठे काढले.
दहा वर्षांनी फाडायच्या असतात, मी फाडल्या नव्हत्या.
आय. गिटन्स, आय. गिटन्स, आय. गिटन्स,
तीच उजवीकडे कललेली सही, हजाराच्या आसपास.
हॅस्लम यांच्या तीन. तिन्ही एकाच दुपारच्या.

आयत्या पिठावर रेघोट्या, मी पुटपुटले.
त्यांनी अर्थ विचारला. सांगितला.
हसल्या, मग बराच वेळ हसल्या नाहीत.
"नाव नको, असं म्हणणाऱ्यातली मी नाही," म्हणाल्या.
"घाला. पत्त्यासकट घाला.
माझं दार ठाऊक असतं
तर कुणीतरी विचारायला आलं असतं.
चहा दिला असता, वही उघडली असती."

धक्क्यावरचा दगड तोवर कोरून झाला होता,
पुस्तकावरूनच, पान दोनशे बारा.
मी पत्र लिहिलं. मग दुसरं लिहिलं.
पाथरवट म्हणाला, सात असता तर नऊ केला असता,
उलटं होत नाही, अख्खा दगड घासावा लागेल,
आणि त्याचे पैसे कोण देणार?

समारंभाच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दोघी गेलो.
वारा होता. ताडपत्रीचं एक टोक सुटलेलं.
त्यांनी हातमोजा काढला,
बोट त्या आकड्याच्या खाचेतून फिरवलं.

"दोन वर्षं जास्त," म्हणाल्या.
"तेव्हा दिली असती कुणी, तर."