ताण

शनिवारची रात्र. तार्तूच्या प्रयोगशाळेत मी एकटीच.
पडद्यावर बहात्तर तासांची फिल्म,
दर दहा मिनिटांना एक चित्र,
आणि वहीत तीन रकाने:
मेली. विभागली. निसटली.

पेशी आधी गोल होते,
तळ सोडून थेंबासारखी चकाकते.
गुणसूत्रं मधल्या रेषेवर येऊन उभी राहतात
आणि दोन टोकांकडून दोर येतात त्यांना ओढायला.
दोन्हीकडून सारखी ओढ लागली तरच पुढे.
एक जरी सूत्र सैल राहिलं
तर ती थांबते. थांबूनच राहते.
आमचं औषध दोर तोडत नाही,
नुसतं ताठ करतं, इतकं
की ते ओढणंच विसरतात.

हे पुस्तकाआधी मला आईने शिकवलं होतं,
वार्न्यात, पेइप्सी तळ्याकाठी,
ऑगस्ट संपताना कांद्याच्या वेण्या घालताना.
मी पाती धरायची, ती पीळ द्यायची.
"ग्लाफिरा, ताण सोडू नकोस,
सैल वेणी जानेवारीत डोक्यावर पडते."
पुढे शाळेत पहिल्यांदा पेशी दुभंगताना पाहिली
ती कांद्याच्याच मुळाच्या टोकाची.
घरी येऊन सांगितलं, तर म्हणाली,
"एवढ्यासाठी बसभाडं घालवलंस?"

आता तेच औषध दर सोमवारी तासभर
तिच्या दंडातून आत उतरतं.
तिच्या नसांतही तसेच दोर आहेत,
मणक्यापासून पार बोटांपर्यंत.
त्यांना कोण सांगणार, तुम्ही नव्हे,
त्या दुसऱ्या.
केस गेले; केसांच्या मुळाशी फार घाई असते.
बोटं बधिर झाली; तिथे घाई नव्हती, तरीही.
जुन्या रीतीने दोन बोटांनी क्रूस करते,
बोटं जुळली का, हे आधी डोळ्यांनी बघून.
यंदा वेण्या शेजारच्या पेलागेयाने घातल्या.
आई खुर्चीवरून नुसती म्हणत राहिली,
ताण, ताण.

चित्र क्रमांक दोनशे चौदा.
दोघी अडकल्यात, अठरा तास झाले.
आत दोन घड्याळं चालतात असं आम्ही म्हणतो.
एकात मरणाचा निरोप थेंबथेंब साठतो,
दुसऱ्यातून थांबण्याचा हुकूम थेंबथेंब गळतो.
आधी कुठलं भरेल किंवा रितं होईल,
ते एकाच पेशीच्या दोन लेकींतही सारखं नसतं.

पहिलीच्या अंगावर बुडबुडे आले,
उतू जाणाऱ्या दुधासारखी फसफसली,
आकसली, तुकड्यातुकड्यांनी निवली.
मी रेघ मारली.
दुसरी कंटाळल्यासारखी पुन्हा पसरली,
न विभागताच, दुप्पट ओझं घेऊन,
पोटात तीन-चार वेडीवाकडी केंद्रकं,
आणि सरपटत चित्राच्या कडेबाहेर गेली.
पुढे ती मरेल, की नुसती पडून राहील, की
कॅमेरा तिथवर पोचत नाही.

रविवारी आईचा फोन.
"किती मेल्या?"
"एकसष्ट."
"आणि?"
"बाकीच्या मोजायच्यात."
"मोज सावकाश."
मग म्हणाली, पोत्यातल्या कांद्यांना कोंब फुटलेत.
बोटांना सुरी कळत नाही,
म्हणून पेलागेयाकडून चिरून घेतले,
कोंबांसकट सगळे सुपात.
"चांगलं झालं का?"
"चव कुठे लागते गं हल्ली.
गरम होतं."