काटा

हाल्ला लंगडायला लागली तेव्हा
वाटलं, काटा रुतला असेल.
शेगडीपाशी तिचा पंजा मांडीवर घेऊन
चष्म्याने शोधला, मग चष्मा काढून.
काटा नव्हता.

केमियार्वीच्या दवाखान्यात
डॉक्टर ओउतीबाईंनी फोटो उजेडावर धरला.
माझ्या कुत्रीची हाडं
ऑक्टोबरात नदीवर असतं त्या धुक्याची,
पलीकडची खिडकी दिसत होती त्यांतून.
"खायला काय घालता?"

मी तोऱ्यात सांगितलं.
रेनडिअरचं मांस, जवाचा भात,
गाजर, लाल आंबट बेऱ्या, रविवारी थोडं काळीज.
दुकानातला एक दाणा नाही.
चार वर्षं, रोज, माझ्या हातचं.
"सगळं चांगलंय," त्या म्हणाल्या,
"फक्त कॅल्शियम नाही."
एवढ्या मोठ्या पातेल्यात
एवढंसं काहीतरी नव्हतं,
आणि ते ती स्वतःच्या हाडांतून काढून
भागवत होती. बिनतक्रार. शेपटी हलवत.

स्वयंपाकात मी अंदाजपंचे दाहोदर्से.
आईही तशीच. मूठ हेच आमचं माप.
पण टपालखात्यात चौतीस वर्षं काढली
आणि मापात पाप केलं नाही.
ग्रॅमभर जास्त भरलं
तर सख्ख्या दिराकडून तिकिटाचे पैसे घेतले.
(तो अजून बोलतो त्याबद्दल.)
गावातलं टपाल बंद झालं, खिडकी
किराणा दुकानात गेली, लॉटरीशेजारी.
पत्रांचा काटा मला दिला निरोपाला,
पितळी, माळ्यावर गुंडाळून ठेवलेला.

तो खाली आणला.

आता अंड्याची टरफलं धुते, भाजते,
कॉफीच्या यंत्रात दळते.
शेजारचा राइमो म्हणतो, तुझी कॉफी
भिंत चाटल्यासारखी लागते.
मग पिऊ नकोस, म्हणते.
ओउतीबाईंच्या चिठ्ठीवर सात ओळी आहेत:
टरफलांची पूड, जस्ताची अर्धी गोळी,
मासळीचं तेल, ई जीवनसत्त्वाचा थेंब,
नॉर्वेच्या किनाऱ्यावरच्या शेवाळाची भुकटी,
नखावर मावेल इतकीच.
हाल्लाने समुद्र पाहिलेला नाही.
तिच्याकडे तो असा येतो, नखावरून.
खाली लाल शाईने: जास्त घालू नये.
कमी पडलं तर हाड जातं,
जास्त झालं तरी काहीतरी जातंच.

हे वाचताना मला ताउनो आठवला.
एकोणीस वर्षं माझ्या हातचं जेवला,
पोटभर, दुसऱ्यांदा मागून,
आणि एका मार्चमध्ये दुपारच्या बसने
स्वीडनला निघून गेला.
त्याचा फोटो कुणी उजेडावर धरला नाही.

हाल्ला म्हणजे ऐन उन्हाळ्यात एका रात्रीत
बटाट्याची पानं काळी करणारं दहिवर.
तसल्याच रात्री सापडली होती, पिशवीएवढी.
पहिल्या दिवशी तिने ताटली हुंगली,
माझ्याकडे बघितलं,
टपालात चुकीचं पत्र हातात दिल्यावर
माणसं बघायची तसं.
भाताखालचं मांस निवडून खाल्लं,
पांढरी पूड तशीच ठेवली.
तिसऱ्या दिवशी मी ती मांसाच्या रश्शात कालवली.

जुन्या घराच्या फळ्या हलतात.
ती स्वयंपाकघरात आली की काटा थरथरतो
आणि मला थांबावं लागतं.
ऐकते:
तीन पावलं, आणि एक उशिराचं.
तीन, आणि एक उशिराचं.
आज सकाळी ते चौथं
मी चमचा ठेवायच्या आत आलं.