रात्रीचं रगत

हत्तीरोगाचा जंतू दिवसा दडून असतो,
खोल, फुप्फुसाच्या आडोशाला म्हणे.
रात्री साडेआठनंतर कातडीजवळ येतो,
म्हणून आम्हीही तेव्हाच येतो,
लोकांची जेवणं आटोपल्यावर,
मी आणि गेडामभाऊ,
एक टॉर्च, शंभर काचपट्ट्या, कापूस, स्पिरिट.

चिचखेड्यात आधी कुत्री ओळखतात.
मग पोरं ओरडतात,
रगतवाली आली वं!

डावा हात. अनामिका.
इस्तारी नन्नावरेचं बोट दोनदा टोचलं,
तिसऱ्यांदा टोचलं.
चाळीस पावसाळे रोवणी करून
बोटाचं चामडं झालंय.
तो हसतो, "दाब अजून.
जलमभर पानीच केलं त्याचं,
आता तुले कोठून रगत देऊ?"
थेंब आला. गडद, लाल.
पाण्याचा मागमूस नव्हता.
मी ते त्याला सांगितलं नाही.

सायत्राबाई हात पुढं करते,
"अर्धं यानं पेलं, उरलं ते तू ने."
हा खाटेवर विडी पेटवतो.
पुढचा नंबर त्याचाच.

चिंधू आणि मोतीराम. एक अंगण, दोन चुली,
मध्ये तुराट्यांचा कूड.
धुऱ्यावरून पोळ्याच्या दिवशी कुऱ्हाड निघाली होती.
"एकाच रगताचे ना," लोक म्हणतात,
कुऱ्हाड का निघाली ते सांगताना,
आणि का लागली नाही
ते सांगतानाही.

दुर्पताच्या घरी रजिस्टर अडलं.
कुटुंबप्रमुखाशी नाते, असा रकाना आहे.
"रगताचा नाई जी. पन लिवा, मुलगा."
गेडामभाऊंनी लिहिलं.
"लिवलं? जागा हाये का अजून?
मंग आनखी एकदा लिवा."

आणि आचल, सात वर्षांची,
टोचताना रडली नाही, काचेकडे बघत राहिली.
"रगत माह्यं, मंग नाव कायले नाई?"
नाव मावत नाही गं, म्हटलं, नंबर मावतो.
तिनं बोट तोंडात घातलं
आणि माझ्यावर विश्वास ठेवला नाही.

जिल्ह्याच्या मीटिंगमध्ये साहेब म्हणतात,
या कार्यक्रमात नवीन रक्त आलं पाहिजे.
मी चौदा वर्षं कंत्राटी आहे.
मान हलवते.

साडेअकरा. बोडीच्या पाळीवर गाडी उभी.
पेटीत नव्याण्णव काचा, आडव्या ठेवून वाळतायत.
एक कोरी.
गेडामभाऊ हात धुवायला खाली उतरले.

माझ्या बापाचा डावा पाय
उन्हाळ्यातही धोतराखाली असायचा.
सोयरीक बघायला पाहुणे आले
की त्याला आतल्या खोलीत बसवायचे.
आई म्हणायची,
रगताचं रगतात ठेवावं, पोरी.
ठेवलं.
हजारो बोटं टोचली,
माझी काच कधी भरली नाही.
कर्मचारी आहे, कोण विचारतं?

सुई उचलली.
बोट मागं गेलं. माझंच बोट,
माझ्याच हातातून.
दिवसभर, नाही, रात्रभर, सगळ्यांना सांगते,
मुंगी चावल्यासारखं वाटेल,
आणि कधी कुणी म्हटलं नाही
की बाई, तू खोटं बोलतेस.

गेडामभाऊ ओल्या हातानं आले. बघितलं.
काही न बोलता रजिस्टर उघडलं,
शंभर.
नाव त्यांना माहीत होतं, तरी थांबले.
मी सांगितलं.
मधे बापाचंही सांगितलं,
आईनं लग्नपत्रिकेत छापलं होतं
त्याहून सावकाश.

उद्या सकाळी या सगळ्या काचा
पाण्यात बुडवायच्या.
लाली निघून जाते, पाणी गुलाबी होतं.
इस्तारीचं, चिंधूचं, मोतीरामचं, आचलचं, माझं.
ते मोरीत ओतायचं.
काचेवर पांढुरका डाग उरतो.
दिसायचं ते त्यातच दिसतं.

मी काच डोळ्याखाली धरीन.
आधी नव्याण्णव.